नेपच्यूनएवढे वायुग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ कसे पोहोचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यम आकाराचे वायुग्रह म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने पृथ्वीच्या १० ते १०० पट वस्तुमानाचे, हायड्रोजन-हेलियमचं जाड आवरण असलेले ग्रह. आपल्याकडचा नेपच्यून पृथ्वीच्या १७ पट जड आणि ३.९ पट रुंद आहे. शनी ९५ पट जड. या दोघांच्या दरम्यान जे बसतात त्यांच्याबद्दल हे पान आहे. गुरू ३१८ पट जड आहे, तो वेगळ्या वर्गातला.

वस्तुमानावरून वर्गवारी केलेली बरी. त्रिज्येवरून केली तर फसगत होते, कारण हलक्या वायूचं आवरण तापलं की फुगतं. वास्प-१०७ बी हा ग्रह आकाराने जवळजवळ गुरूएवढा आहे, पण वजनाने पृथ्वीच्या अवघा ३० पट. त्याची घनता पाण्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास येते.

हे ग्रह आज जिथे दिसतात तिथेच तयार झाले असं का मानत नाहीत?

कारण तिथे पुरेसा माल नसतो. यांतले बरेचसे ग्रह ताऱ्यापासून ०.०३ ते ०.१ खगोलीय एककावर फिरतात (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एकक). आपल्या ग्रहमालेतल्या सगळ्या ग्रहांचं द्रव्य पुन्हा पसरून सूर्याभोवतीची मूळ चकती (ज्या फिरत्या वायू-धुळीतून ग्रह बनले ती) मांडली, तर ०.१ एककाच्या आत जेमतेम एका पृथ्वीएवढा खडक भरतो. त्यातून १०-१५ पृथ्वींच्या वजनाचा गाभा बनणार कसा? शिवाय तिथे पाण्याचा बर्फ टिकत नाही. तो साधारण १७० केल्विनच्या खालीच गोठलेला राहतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ही हिमरेषा सुमारे २.७ एककांवर धरतात. तिच्या पलीकडे घन माल वाढतो आणि गाभा उभा राहायला वेळही पुरतो.

जास्त जड चकती घेतली तर लहान ग्रह जागच्या जागी बनू शकतात, हे गणितात बसतं. नेपच्यूनहून जड ग्रहांसाठी मात्र तो मार्ग फार ओढूनताणून जुळवावा लागतो.

धुळीपासून गाभ्यापर्यंतचे टप्पे कोणते, आणि कुठे अडतं?

चकतीत वायू आणि धूळ साधारण १०० ला १ या प्रमाणात असतात. धुळीचे कण एकमेकांना चिकटून मिलिमीटर-सेंटिमीटरचे खडे होतात, आणि तिथेच पहिली अडचण उभी राहते. खड्यांच्या टकरीचा वेग सेकंदाला एक मीटरच्या पुढे गेला की ते चिकटण्याऐवजी उसळतात किंवा फुटतात.

दुसरी अडचण वाऱ्याची. चकतीतल्या वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित सावकाश फिरतो. खड्याला तसा आधार नसल्याने तो जलद फिरतो. समोरून वारा असताना सायकल चालवणाऱ्याची जी गत होते तीच खड्याची होते: सेकंदाला ३० ते ५० मीटरचा वारा त्याची गती खातो आणि तो हळूहळू आत सरकतो. पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभराचा धोंडा शे-दोनशे वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल. म्हणजे कणाकणाने वाढून किलोमीटरचा डोंगर व्हायला उसंतच नाही.

यातून सुटका अशी होते: खडे जिथे दाटतात तिथे ते सगळे मिळून वायूलाही सोबत ओढतात, त्यामुळे वारा कमी लागतो, मागून येणारे खडे तिथेच अडकतात आणि दाटी आणखी वाढते. शेवटी तो पुंजका स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो आणि थेट १०० किलोमीटरच्या घरातल्या ग्रहिका तयार होतात. यूडिन आणि गुडमन यांनी २००५ मध्ये ही अस्थिरता गणिताने दाखवली.

पुढे मोठी ग्रहिका वाहत येणारे खडे गिळत सुटते. वायूचं घर्षण असल्याने जवळून जाणारा खडा निसटत नाही, आत ओढला जातो. ही वाढ इतकी जलद असते की काही लाख वर्षांत गाभा तयार होऊ शकतो. मग तो एवढा जड होतो की आपल्या कक्षेबाहेरच्या वायूत दाबाचा बांध घालतो आणि खडे त्या बांधापलीकडे अडतात. गुरूच्या अंतरावर ही मर्यादा सुमारे २० पृथ्वी-वस्तुमान येते. चकती पातळ असेल तर ती बरीच खाली येते, कारण ती जाडीच्या घनावर अवलंबून असते.

गाभा झाल्यावर वायू भरत जातो. मग यांचा गुरू का झाला नाही?

या ग्रहांबाबतचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

गाभ्याभोवती जमलेला वायू गरम असतो. तो थंड होऊन आकसला तरच नव्या वायूला जागा होते. सुरुवातीला हे काम फार सावकाश चालतं. पोलॅक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या नमुन्यात हा संथ टप्पा काही दशलक्ष वर्षं चालतो. आवरणाचं वजन गाभ्याच्या वजनाइतकं झालं की तोल जातो. आवरण स्वतःच्या भाराने आकसू लागतं, वायू लोंढ्याने आत येतो आणि अल्पावधीत गुरू-शनीसारखा ग्रह उभा राहतो.

तोल जाण्याआधी चकतीतला वायू संपला, तर ग्रह नेपच्यून म्हणूनच राहतो. चकत्यांचं आयुष्य १ ते १० दशलक्ष वर्षं, बहुतेकांचं दोन-तीन दशलक्षच. म्हणजे वायू उरतो किती काळ, यावर सगळं अवलंबून. आवरणात बारीक धूळ जास्त असेल तर उष्णता कोंडते आणि वाढ रेंगाळते. गाभा उशिरा तयार झाला तर वायू आधीच विरळ झालेला असतो.

अडचण आहे ती शनीहून हलक्या पण नेपच्यूनहून जड ग्रहांची. त्यांच्यात वायूचा वाटा कधी कधी निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे ते तोल जाण्याच्या उंबरठ्यावर थांबले. सगळेच ग्रह नेमक्या त्याच क्षणी वायू संपल्यामुळे थांबले, हे आम्हाला पटत नाही. ग्रहाने स्वतःच कक्षेत पोकळी पाडून वायूचा पुरवठा तोडणं किंवा आवरणातली उष्णता नीट बाहेर न पडणं अशी इतर कारणंही जोडीला घ्यावी लागतात.

ग्रह आत सरकतो म्हणजे त्याला ढकलतं कोण?

चकतीतला वायू. ग्रहाच्या गुरुत्वामुळे चकतीत दोन सर्पिल लाटा उठतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आतली लाट ग्रहाला कोनीय संवेग (ताऱ्याभोवती फिरण्याचा जोर) देते, बाहेरची काढून घेते. बाहेरची बहुधा किंचित वरचढ ठरते, म्हणून ग्रह आत सरकतो. गोल्डराइक आणि ट्रिमेन यांनी १९७९-८० च्या सुमारास याचा पाया घातला.

वेग थक्क करणारा आहे. पाच एककांवरचा १० पृथ्वी-वस्तुमानाचा गाभा काही लाख वर्षांत ताऱ्यापाशी पोहोचू शकतो, आणि चकती तर त्याच्या दहापट जगते. ग्रह जितका जड तितका हा वेग जास्त. म्हणून सुरुवातीच्या गणितांत सगळेच गाभे ताऱ्यात जाऊन पडत होते. नंतर लक्षात आलं की ग्रहाच्या कक्षेलगतचा वायू घोड्याच्या नालासारख्या वाटेने वळताना उलटा जोर लावू शकतो आणि काही ठिकाणी ग्रह थबकतो किंवा बाहेरही सरकतो.

ग्रह शनीएवढा जड होऊ लागला की तो वायूत पोकळी पाडतो. मग त्याची चाल मंदावते आणि चकतीच्या चालीशी जोडली जाते.

मग ताऱ्यात पडण्याआधी तो थांबतो कुठे?

चकती ताऱ्याला टेकलेली नसते. तरुण ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र आतला वायू उचलून ताऱ्यावर ओततं, त्यामुळे ०.०५ ते ०.१ एककाच्या आत पोकळी राहते. तिच्या कडेशी वायूचं प्रमाण एकदम बदलतं आणि तिथे आत-बाहेरचे जोर जुळतात. ग्रह कडेला लागून थांबतो. मागून दुसरा आला तर तो पहिल्याशी अनुनादात अडकतो, म्हणजे दोघांचे परिभ्रमणकाळ साध्या गुणोत्तरात जुळून राहतात.

वायू नसतानाही ग्रह आत येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि याला दुसरा मोठा मार्ग म्हणतात. चकती गेल्यावर ग्रह दूरच्या कक्षेत असतो. कोणीतरी त्याची कक्षा फार लांबट करतं. ते शेजारच्या जड ग्रहाशी झालेल्या जवळच्या भेटीतून होतं किंवा लिडोव्ह-कोझाई परिणामातून. या परिणामात बाहेरचा ग्रह अथवा जोडतारा ३९ अंशांहून जास्त कललेल्या कक्षेत असावा लागतो. मग आतल्या ग्रहाची कक्षा आलटून पालटून कलते आणि लांबते.

लांबट कक्षेत ग्रह दर फेरीला ताऱ्याच्या अगदी जवळून जातो. तिथे भरतीचं बल (ग्रहाच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ताऱ्याच्या ओढीतला फरक) ग्रहाला ताणतं आणि सोडतं, आतल्या घर्षणाने उष्णता निघते. ही ऊर्जा कक्षेतून वजा होते, म्हणून कक्षा आखडत गोल होते.

शेवटी तो किती अंतरावर बसेल, हे काढता येतं का?

कागदावर काढता येतं. भरतीमुळे कक्षेची ऊर्जा घटते पण कोनीय संवेग जवळपास तसाच राहतो, म्हणून:

अंतिम अंतर = मूळ सरासरी अंतर × (१ − उत्केंद्रतेचा वर्ग)

उत्केंद्रता म्हणजे कक्षेच्या लांबटपणाचं माप, वर्तुळासाठी शून्य. पाच एककांवरच्या ग्रहाची उत्केंद्रता ०.९९ झाली असं धरा. ताऱ्याच्या सर्वांत जवळचं अंतर ५ × ०.०१ म्हणजे ०.०५ एकक. वर्ग ०.९८०१, वजाबाकी ०.०१९९, गुणाकार ०.०९९५. म्हणजे गोल झालेली कक्षा सुमारे ०.१ एककावर, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती साडेअकरा दिवसांची. लांबट कक्षेतल्या जवळच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट, हे लक्षात ठेवलं की पुरे.

या हिशोबात दोन ठिकाणी घोटाळा होतो. जवळचं अंतर फार कमी झालं तर ग्रह ताऱ्याच्या ओढीने फाटतो. उलट जवळचं अंतर थोडंसं जास्त राहिलं तर भरती इतकी क्षीण पडते की कक्षा गोल व्हायला ताऱ्याचं आयुष्य पुरत नाही. वेळ अंतराच्या साडेसहाव्या घातात वाढतो: अंतर दुप्पट केलं तर सुमारे ९० पट.

एखादा ग्रह कोणत्या मार्गाने आला, हे कसं ओळखतात?

कक्षेचा आकार, ताऱ्याच्या फिरण्याशी तिचा कल, शेजारी आणि वय, या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. एकीवरून निकाल देऊ नये.

चकतीतून आलेल्यांचा नमुना म्हणजे केप्लर-२२३. चार ग्रह, परिभ्रमणकाळ सुमारे ७.४, ९.८, १४.८ आणि १९.७ दिवस, म्हणजे ३:४:६:८ असं नेमकं गुणोत्तर. अशी साखळी हळूवार सरकण्यातूनच जुळते आणि धक्क्याने मोडते. तरुण ताऱ्यांचा पुरावाही मोलाचा. के२-३३ बी चा तारा फक्त ५० लाख ते १ कोटी वर्षांचा, आणि ग्रह आधीच ५.४ दिवसांच्या कक्षेत आहे. एयू मायक्रोस्कोपी या सुमारे २ कोटी वर्षांच्या ताऱ्याभोवतीचा ८.५ दिवसांचा ग्रह ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जुळवून फिरतो. इतक्या लवकर पोहोचायला वायूची वाटच सोयीची.

उलट बाजूला हॅट-पी-११ बी. पृथ्वीच्या २३ पट जड, ४.९ दिवसांची कक्षा, उत्केंद्रता ०.२ च्या वर आणि कल १०० अंशांच्या आसपास, म्हणजे ताऱ्याच्या जवळजवळ ध्रुवांवरून जाणारी वाट. २०१८ मध्ये तिथे दुसरा ग्रह सापडला: गुरूच्या किमान दीडपट जड, सुमारे ९ वर्षांच्या लांबट कक्षेत. कक्षा कलती करणारा संशयितच हाती लागला. जीजे ४३६ बी ची गोष्टही तशीच, २.६४ दिवसांची कक्षा, उत्केंद्रता सुमारे ०.१५, आणि कक्षा जवळजवळ ध्रुवीय. तारा कित्येक अब्ज वर्षांचा असल्याने ही कक्षा केव्हाच गोल व्हायला हवी होती. ग्रह उशिरा आत आला असेल तर हे कोडं सुटतं. तिथला ढकलणारा साथीदार मात्र अद्याप मिळालेला नाही.

वास्प-१०७ बी एवढा का गाजला?

कारण तो सुरुवातीला नियमात बसत नव्हता. २०२१ मधल्या विश्लेषणात त्याचा गाभा पृथ्वीच्या पाचपटीहूनही हलका निघाला. एवढ्याशा गाभ्याने एवढा वायू कसा ओढला, असा पेच पडला. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या वातावरणात मिथेन अपेक्षेच्या हजाराव्या हिश्श्याइतकाच असल्याचं दाखवलं. मिथेन खालच्या तप्त थरात मोडतो, म्हणजे ग्रह आतून खूप गरम आहे. थोडीशी लांबट कक्षा आणि भरतीचं घर्षण हे त्या उष्णतेचं सर्वांत पटणारं कारण. आवरण आतून तापून फुगलं आहे असं धरलं की गाभा सुमारे १२ पृथ्वी-वस्तुमानाचा येतो आणि नेहमीच्या जन्मकथेत बसतो. त्याचीही कक्षा ध्रुवीय आहे आणि सुमारे तीन वर्षांच्या कक्षेत एक साथीदारही आहे.

नुसत्या घनतेवरून गाभा काढू नका, हे या ग्रहाने दाखवलं.

‘नेपच्यूनचं वाळवंट’ म्हणजे काय?

साधारण तीन दिवसांहून छोट्या कक्षांत नेपच्यूनएवढे ग्रह जवळजवळ नाहीत. गुरूएवढे आहेत, पृथ्वीएवढे आहेत, मधले गायब. इतक्या जवळचे असे ग्रह शोधायला सोपे, त्यामुळे ‘दिसले नाहीत’ ही सबब चालत नाही. २०२४ च्या एका विश्लेषणाने चित्र आणखी रेखीव केलं: ३.२ दिवसांच्या आत वाळवंट, ३.२ ते ५.७ दिवसांत ग्रहांची गर्दी, त्यापुढे मध्यम विरळ प्रदेश.

वाळवंटाच्या खालच्या (लहान ग्रहांच्या) कडेला वायू उडून गेलेले ग्रह आहेत. वरची (मोठ्या ग्रहांची) कडा भरतीने ठरते: तिच्या आत येऊ पाहणारे लांबट कक्षेतले ग्रह फाटतात. गर्दीच्या पट्ट्यात कललेल्या आणि लांबट कक्षा वारंवार दिसतात, म्हणून तिथले बरेच ग्रह उशिरा, दुसऱ्या मार्गाने आले असावेत, असं आमचं मत आहे.

वातावरण उडतं म्हणजे किती?

ताऱ्याचे क्ष-किरण आणि अतिनील किरण वरचा थर हजारो अंशांपर्यंत तापवतात आणि वायू वाहून जातो. जीजे ४३६ बी भोवती २०१५ मध्ये हबल दुर्बिणीने हायड्रोजनचा प्रचंड ढग पाहिला. त्या अतिनील रंगात तो ताऱ्याचा निम्म्याहून जास्त प्रकाश अडवतो.

ऐकायला भयंकर, पण हिशोब मांडू. नासाडीचा वेग सेकंदाला १० लाख किलो (१० कोटी ते १ अब्ज ग्रॅम या अंदाजातली वरची बाजू) धरला, तर एक अब्ज वर्षांत ०.००५ पृथ्वी-वस्तुमान जातं. ग्रह २२ पृथ्वींचा. म्हणजे आजच्या वेगाने तो कधीच उघडा पडणार नाही. खरी लूट ताऱ्याच्या पहिल्या १० कोटी वर्षांच्या आसपास होते, तेव्हा क्ष-किरण कित्येक पटींनी तीव्र असतात. म्हणूनच उशिरा आत आलेल्या ग्रहाचं आवरण वाचतं.

तरीही वाळवंटात काही ग्रह सापडलेत ना?

हो. एलटीटी ९७७९ बी १९ तासांत एक फेरी मारतो, वजन २९ पृथ्वी, आणि आवरण शाबूत. त्याचा तारा क्ष-किरणांत फार मंद आहे, हे एक कारण. शिवाय कीऑप्स दुर्बिणीच्या मोजणीनुसार हा ग्रह आपल्यावर पडणारा सुमारे ८० टक्के प्रकाश परतवतो. दुसरा टीओआय-८४९ बी: १८ तासांची फेरी, सुमारे ४० पृथ्वींचं वजन, त्रिज्या जेमतेम ३.४ पट. एवढ्या वजनाला वायू जवळपास नाहीच. हा मोठ्या ग्रहाचा उघडा पडलेला गाभा असावा, किंवा वायू भरण्याआधीच अडलेला.

भारतातून असे ग्रह सापडले आहेत का?

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने (पीआरएल) माउंट अबूजवळच्या गुरुशिखरावरून सापडवले आहेत. २०१८ मध्ये ‘पारस’ या वर्णपटमापकाने (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून त्याचं डुलणं मोजणारं उपकरण) ईपीआयसी २११९४५२०१ बी ची खात्री केली: सुमारे २७ पृथ्वींचं वजन, ६ पट त्रिज्या, १९.५ दिवसांची कक्षा. नंतर २.५ मीटरच्या दुर्बिणीवरच्या ‘पारस-२’ ने टीओआय-६६५१ बी गाठला. तो पाच दिवसांच्या कक्षेत, सुमारे ६० पृथ्वींचा, त्रिज्या फक्त ५ पट, म्हणजे बराच घट्ट.

नव्या ग्रहाचे आकडे वाचताना काय तपासावं?

आधी वस्तुमान आहे का ते बघा. अधिक्रमणातून (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना घटणाऱ्या प्रकाशातून) फक्त त्रिज्या कळते. सूर्यासमोरून नेपच्यून गेला तर प्रकाश ०.१३ टक्के घटेल. वस्तुमानासाठी ताऱ्याचं डुलणं मोजावं लागतं. चार दिवसांच्या कक्षेतला नेपच्यून सूर्याला सेकंदाला सुमारे ७ मीटर हलवेल, आणि तरुण ताऱ्याचे डाग याहून मोठा खोटा संकेत देतात.

घनता स्वतः काढा: वस्तुमान (पृथ्वीच्या पटीत) भागिले त्रिज्येचा घन, गुणिले ५.५. त्रिज्येत १० टक्के चूक असेल तर घनतेत ३० टक्के पडते. ती चूक बहुधा ताऱ्याच्या त्रिज्येतून आलेली असते, किंवा शेजारच्या अंधुक ताऱ्याचा प्रकाश मिसळल्याने.

उत्केंद्रता ०.०५ अधिक-उणे ०.०४ असेल तर तिला शून्यच समजा. हा आकडा ऋण होऊ शकत नसल्याने मोजणीतला गोंगाट तिला नेहमी वर ढकलतो. शिवाय २:१ गुणोत्तरात फिरणारे दोन ग्रह अपुऱ्या निरीक्षणांत एका लांबट कक्षेच्या ग्रहासारखे दिसतात. कक्षेच्या कलाबाबत, दिलेला कोन आकाशाच्या प्रतलावरचा आहे की खरा, ते पाहा. पहिला अधिक्रमणावेळी वर्णरेषांत (ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांत) येणाऱ्या विकृतीतून मिळतो. दुसऱ्यासाठी तारा आपल्याकडे किती कललेला आहे हेही लागतं, आणि ते ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या काळावरून ठरवतात.